पथारीवरची गुलाबी चिमणी

नंदुरबारात लाल रंगाचं काहीही दाखवा, समोरचा माणूस मान वर न करता म्हणणार, मिरची! कुत्रं तांबूस दिसलं, मिरचीत लोळलं असेल. बगळ्याचं पोट लाल दिसलं, मिरचीच्या ढिगावर बसला असेल. माझ्या आतेबहिणीच्या गालांवर देवानं दिलेली लाली होती, तर तिला बघायला आलेल्या बाईनं पदराचं टोक ओलं करून तिचा गाल पुसून पाहिला. हसू नका, मी तिथे उभी होते. अशा गावात मी एक पक्षी शोधला आणि तो नेमका गुलाबी निघाला. आता या वयात, गुडघे दुखत असताना ती हकिकत लिहायला बसले तरी माझं डोकं तापतं. पण लिहिते. त्या एका हिवाळ्यानं माझं पुढचं सगळं आयुष्य ठरवलं, आणि ते ठरत असताना घरातल्या, बाहेरच्या, पंखवाल्या, बिनपंखाच्या कुणीही मला सुखानं श्वास घेऊ दिला नाही.

आमचा धंदा मिरचीचा. पणजोबा मारवाडातून आले, आणि तेव्हापासून आम्ही इथलेच. घर बाजारात होतं आणि गावाबाहेर आमची पथारी. पथारी म्हणजे सपाट केलेलं मोकळं रान. हिवाळाभर त्यावर ओल्या लाल मिरच्या वाळत पडलेल्या. बायका दाताळ्यानं त्या खालीवर करत, पांढरी पडलेली फटकी मिरची वेगळी काढत, देठं खुडत, आणि हे सगळं करताना खोकत आणि गाणी म्हणत. मधूनच सुरतेकडची मालगाडी जायची, मग गाणंही ऐकू यायचं नाही आणि खोकलाही. मिरचीची धूळ आमच्या घरात सगळीकडे होती. उशीत, पुस्तकात, देवघरात. जेवणात मात्र नव्हती! आमची भाभू, म्हणजे मोठ्या काकांच्या मागे राहिलेली माझी काकू, घर सांभाळायची. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. भाभूचं म्हणणं, मिरचीनं माणसाचा स्वभाव बिघडतो. त्यामुळे गावभर मिरची विकणाऱ्या घरात आम्ही पिवळी खिचडी, पांढरी कढी आणि फिकी पापडाची भाजी खायचो. माझा स्वभाव तरीही बिघडला, याला ती काय करणार.

माझ्या वडिलांना सगळा बाजार भाऊ म्हणायचा, म्हणून मीही भाऊच म्हणायचे. भाभू घरात मारवाडी बोलायची, शाळेत मराठी शिकवायचे, आणि भाऊंची सगळी बोली बाजाराची, म्हणजे अहिराणी. रागवायचं झालं की मला तिन्ही भाषा लागत. भाऊ फार बोलणारे नव्हते. सकाळी पथारी, दुपारी बाजार, आणि दिवस मावळायच्या आत घरी जेवायला, कारण आमच्यात सूर्य बुडाल्यावर खात नाहीत. जेवताना ते मला जवळ बसवायचे. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला गेले तरी माझ्या ताटात पहिली भाकरी तेच वाढायचे, आणि भाभू म्हणायची, "छोरी बडी हुयगी, अब तो छोडो."

मला पक्ष्यांचं वेड होतं. कॉलेजातली दुर्बीण मी जवळजवळ घरीच आणून ठेवली होती. भाभू रोज सकाळी पथारीच्या कोपऱ्यात दगडांजवळ पाखरांना ज्वारी टाकायची, तिथे चिमण्यांचा थवा उतरायचा, आणि मिरचीत लोळून लोळून त्या सगळ्या तांबूस झालेल्या असायच्या. एक दिवस त्या थव्यात मला एक निराळीच दिसली. चिमणीएवढीच, पण चोच आखूड आणि जाड, कुणी ठोकून बसवल्यासारखी. डोळा मोठा, काळा. अंग वाळूच्या रंगाचं, आणि पंखांच्या कडेला, शेपटीच्या वरच्या बाजूला गुलाबी. चिमण्यांचा लाल रंग कुठेही माखलेला असतो, डोक्यावर, पोटावर, एका पंखावर जास्त, दुसऱ्यावर कमी. हिचा गुलाबी दोन्ही पंखांवर सारखा, जिथल्या तिथे. आणि मग ती बोलली. चिवचिव नाही, जत्रेतली पिपाणी नाक दाबून वाजवावी तसा आवाज. मी पुस्तक काढून पानं उलटली. पुस्तकात तिचं नाव ट्रम्पेटर फिंच. वाळवंटातला पक्षी, थंडीत कच्छ-राजस्थानकडे उतरतो, तोही क्वचित. आमच्या मुलखात आल्याचं माझ्या पुस्तकात कुठे नव्हतं.

मी धावत जाऊन पथारीवरच्या मुकादमीण लताबाईंना ओढत आणलं. त्या सगळ्या बायकांवर देखरेख करायच्या. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, उलटी लावली, मी सुलटी करून दिली. "काय दखू?" म्हणाल्या. मी म्हटलं, ती गुलाबी! त्या म्हणाल्या, "अवो माय, मिरचीमा लोयनी व्हई." कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, मिरची. ग्रंथपाल म्हणाले, मिरचीच, दुसरं काय. आमचा दूधवाला, ज्याला कुणी विचारलंही नव्हतं, तोही म्हणाला, मिरची! मी कपाळावर हात मारून घेतला. आंधळ्यापुढे नाचलं आणि बहिऱ्यापुढे गायलं म्हणतात ते हेच. परवा माझ्या भाच्यानं फोनवर एका पाखराचा फोटो काढला, बोट दाबलं, आणि फोननं नाव सांगितलं. "मावशी, एवढं सोपं असतं," म्हणाला. माझ्या हातात चहा होता म्हणून वाचला.

आता हे सगळं हौसेचं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्याच हिवाळ्यात शेजारच्या रनाळ्याचं स्थळ आलं. बी-बियाण्यांचं दुकान, धर्म पाळणारी माणसं, मुलगा सरळ. मला बडोद्याला एम.एस्सी.ला जायचं होतं. तिथले एक सर आमच्या कॉलेजात व्याख्यानाला येऊन गेले होते, पक्ष्यांवर बोलले होते, आणि जाताना मला म्हणाले होते की पुढे शिकायचं असेल तर ये. भाऊंपुढे विषय काढला की ते म्हणत, "बडोदामा काय शे? चिड्या आठे बी शेतस." मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी मी म्हटलं, भाऊ, मला पक्षी ओळखता येतो, ते माझं काम आहे, तुम्हाला मिरची ओळखता येते तसं. सगळं गाव मला वेडी म्हणतंय. सरांना बोलावू. ते सांगतील मी वेडी की शहाणी.

भाऊ म्हणाले, "तुन्हा सर आठे ईसन हा म्हनना, तं बडोदं. नही म्हनना, तं रनाळं." आणि खांद्यावरचा पांढरा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखालून माझी बोटं दाबली. बाजारात भाव असेच ठरायचे. बोलायचं नाही, फक्त बोटं दाबायची, आणि एकदा दाबली की सौदा झाला; मग जग इकडचं तिकडे झालं तरी माणूस फिरत नसे. मी त्यांची मुलगी. मीही बोटं दाबली.

सरांना कार्ड टाकलं आणि ते खरंच आले. सकाळच्या गाडीनं, गळ्यात मफलर, माझ्या कॉलेजच्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी चांगली दुर्बीण, पिशवीत टिपणवही आणि गुंडाळलेली बारीक जाळी. मी त्यांना थेट पथारीवर नेलं. माझं चुकलं ते इथेच. आम्ही जन्मापासून त्या हवेत वाढलेले, आम्हाला काय कळणार! सरांनी पथारीच्या कडेला उभं राहून एक खोल श्वास घेतला, "वा, काय रंग आहे," म्हणाले, आणि त्यांना जो ठसका लागला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. दुर्बीण लावायची तर काचेवर थेंब. लांबून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. भाभू धावत आली, सरांना गुळाचा खडा दिला, मग म्हणाली झोपा. एवढा मोठा प्राध्यापक राखणदाराच्या खाटेवर उताणा पडलाय आणि आमची भाभू त्याच्या नाकात तुपाचे थेंब सोडतेय, हे दृश्य मी उभ्या उभ्या पाहिलं. माझं सगळं बडोदं त्या दोन नाकपुड्यांत अडकलं होतं.

आणि अर्थातच, त्याच वेळी ती आली! सकाळपासून नव्हती. ज्वारी टाकली तेव्हा नव्हती. सरांच्या नाकात तूप आहे म्हटल्यावर बाई हजर. मी ओरडले, "सर, उठा! दगडांजवळ, उजवीकडे! चोच बघा!" सर धडपडत उठले, दुर्बीण लावली. "कुठे? मला दोन दिसतायत... नाही, चार." ती बिचारी दगडावर बसून सावकाश बघत होती आमच्याकडे. मग तिनं पिपाणी वाजवली, स्वच्छ, मोठ्यानं. आणि सर नेमके तेव्हाच खोकत होते. मी म्हटलं, ऐकलंत? ते म्हणाले, "काय?"

सर माणूस सज्जन होते. पुन्हा पुन्हा डोळे धुऊन आले, पुन्हा पुन्हा बघितलं. शेवटी म्हणाले, "विमल, मला एक लाल चिमणी दिसते आहे. पण इथल्या सगळ्याच चिमण्या लाल आहेत. मी असं करतो, जाळी लावतो. हातात घेऊन चोच बघू, पंख पाण्यानं पुसून बघू, आणि लगेच सोडून देऊ. तिला काही होणार नाही." मला एवढा आनंद झाला! मी बांबू शोधायला पळाले. परत येते तो भाभू जाळीच्या गुंडाळीवर बसलेली. अक्षरशः बसलेली, मांडी घालून. "जाळ? म्हारे आंगणे?" मी समजावलं, सरांनी समजावलं. "जीव डरसी," पाखरू भिईल, एवढंच म्हणत राहिली. मी भाऊंकडे वळले, तर भाऊही सरांना हात जोडून उभे. "सर, जेवा, ऱ्हा, काय बी मांगा. पन जाळं नको. आमना धरम नही."

मी तिथे जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुम्हालाच पुरावा पाहिजे, आणि पुराव्याला हातही लावायचा नाही! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! मग त्या चिमणीनं काय करावं, तिनं स्वतः आंघोळ करून तुमच्यासमोर अंग पुसून दाखवावं का? हे मी रागात बोलले, पण सर म्हणाले, "कल्पना वाईट नाही." म्हणून मग घरून पितळेची मोठी परात आणली, दगडांजवळ पाण्यानं भरून ठेवली, आणि आम्ही सगळे, एक प्राध्यापक, एक व्यापारी, एक विधवा काकू आणि मी, खाटेवर ओळीनं बसून एका पाखराच्या आंघोळीची वाट बघायला लागलो. कावळ्यानं आंघोळ केली, मनसोक्त, मानेपर्यंत. कुत्र्यानं पाणी प्यायलं. चिमण्या आल्या, फडफडल्या, आणि जशा लाल आल्या तशाच लाल निघाल्या, फक्त ओल्या. ती मात्र दगडावर बसून बघत राहिली. मग उडून गेली.

सरांची परतीची गाडी दुपारची. निघताना ते भाऊंना म्हणाले, "शेठजी, मुलगी हुशार आहे. ती म्हणते तो पक्षी असेलही. पण मला दिसला नाही, आणि जे मी पाहिलं नाही ते पाहिलं असं मी म्हणणार नाही." भाऊंनी मान हलवली. त्यांना तो माणूस आवडला होता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मला तर वाटलं त्याला परातीत बुडवावं. इतका प्रामाणिक माणूस नेमका त्याच दिवशी कशाला पाहिजे होता मला! पण रीत म्हणून भाऊ आणि मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. येताना टांग्यात भाऊंनी जिंकल्याचं काही दाखवलं नाही. मी बाहेर बघत होते आणि रनाळ्याच्या दुकानातल्या बियाण्यांच्या पिशव्या डोळ्यांसमोर येत होत्या.

पथारीवर परत आले ती परात उचलायला. लताबाई म्हणाल्या, "ताई, तुन्ही चिडी ईसन आंग धुई गयी."

"काय?"

"तुम्ही टेसनवर गयात आनि ती उनी. चांगली डुबकी मारी मारी धुई गयी."

"अहो, मग रंग गेला का? गुलाबी राहिली का?"

"मी काय दखत बसू? मन्हा दोन्ही हात मिरचीमा व्हतात."

मी खाली बसले. हसावं की रडावं की लताबाईंना धरून हलवावं, काही सुचेना. आणि मग दिसलं, परातीच्या कडेला पाण्यावर एक पीस तरंगत होतं. वाळूच्या रंगाचं, आणि एका कडेला गुलाबी. ओलं होतं, तरी गुलाबी. मी ते तळहातावर घेतलं आणि पळत सुटले, घरापर्यंत.

संध्याकाळ होत आली होती. भाभूनं ताटं मांडली होती, भाऊ हात धुऊन पाटावर बसत होते. मी पीस त्यांच्यासमोर धरलं. "बघा! पाण्यात भिजलंय, तरी रंग गेला नाही! आता बोला!"

भाऊंनी ते चिमटीत धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं, मी काल जन्मले असावे तसं. "येडी. मिरचीना रंग पाणीमा सुटस का? पाणीमा तं लबाडीना रंग सुटस. मिरचीना रंग तेलमा सुटस."

हे खरं होतं. बाजारात रंग मारलेली मिरची ते अशीच पकडायचे. ओल्या फडक्यावर रंग आला की माल परत. चांगल्या मिरचीचा रंग पाण्याला दाद देत नाही. म्हणजे माझं पीस काहीच सिद्ध करत नव्हतं. सरांचा पाण्याचा उपायही वायाच गेला असता. मी अर्धा दिवस एका परातीसमोर मूर्खासारखी बसले होते. भाऊ तिथेच थांबले असते तर सगळं संपलं होतं. सर हो म्हणाले नव्हते, पाण्यानंही काही ठरत नव्हतं, आणि समोर गरम खिचडी वाढलेली होती.

पण ते थांबले नाहीत. पाटावरून उठले. पायात चपला घातल्या आणि परत पथारीकडे चालू लागले. मी मागे. तिथे त्यांनी वाकून भाभूच्या ज्वारीजवळ पडलेलं एका चिमणीचं पीस शोधलं, लाल झालेलं. एकट्या नमुन्याला अर्थ नसतो, नेहमी दोन शेजारी शेजारी ठेवायचे, असं ते बाजारात सांगत. घरी येऊन त्यांनी खिडकीजवळ उजेडाला बसून खांद्यावरचा पांढरा रुमाल मांडीवर पसरला, भाभूकडून वाटीत तेल मागितलं. आधी चिमणीचं पीस. तेलाचा थेंब, दोन बोटांत चोळलं, रुमालावर दाबलं. रुमालावर नारिंगी डाग. मग माझं. थेंब, चोळलं, दाबलं. पुन्हा चोळलं, जास्त वेळ. रुमालावर नुसता तेलाचा डाग. पीस उजेडाकडे धरलं, गुलाबी जिथल्या तिथे.

मग म्हणाले, "ही मिरची नही."

भाभू दारात उभी होती. तिला सौदा माहीत होता, सर हो म्हणाले नाहीत हेही. हळूच म्हणाली, "पण मास्तर तो हां कोनी बोल्यो."

"मास्तरले दिसनं नही," भाऊ म्हणाले. "माले दिसनं."

त्यांनी पीस माझ्या हातात दिलं, आणि मग एकदम चिडून, जणू मीच त्यांना फसवलं होतं, म्हणाले, "रनाळं आठेच व्हतं, पोरी. कवयबी सांजले ईसन तू मन्हासंगे जेवी गयी असती."

भाभूनं ताटं झाकली. सूर्य एव्हाना बुडाला होता, त्यामुळे त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.